मॉनिटरचाच टीव्ही: नागपुरात खोली करून राहणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी किंवा मिहान, हिंगण्याकडच्या नोकरीसाठी नागपुरात किरायाची खोली घेतली की टेबलावर आधी लॅपटॉप येतो आणि काही महिन्यांत त्याच्या शेजारी २२ किंवा २४ इंची मॉनिटर. टीव्ही मात्र लांबणीवर पडतो. मग कधी भारताचा सामना असतो, तर कधी गावाहून आई-बाबा राहायला येतात आणि संध्याकाळी त्यांना त्यांची मालिका हवी असते. अशा वेळी नवा टीव्ही आणायला धावू नका. टेबलावर जे आहे त्याचाच चांगला टीव्ही होतो, आणि एकदा नीट जोडला की रोजची कटकट राहत नाही.

टीव्हीच्या खोक्यात चार गोष्टी एकत्र असतात: पडदा, सिग्नल पकडणारा ट्यूनर, स्पीकर आणि रिमोटवर चालणारा एक लहानसा संगणक. मॉनिटरमध्ये यातला फक्त पडदा असतो. बाकीच्या तिन्ही गोष्टी आपण बाहेरून जोडायच्या. नवीन माणूस सगळा विचार चित्राचा करतो, पण चित्र पहिल्या दहा मिनिटांत मार्गी लागतं. अडतं ते आवाजापाशी. त्यातून नागपुरात मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत खोलीत कूलर चालू असतो, म्हणून या लेखात आवाजाला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

आधी अंतर मोजा

काहीही विकत घेण्याआधी टेप काढा आणि तुम्ही जिथे बसून किंवा पडून बघणार तिथपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते अडीचपट अंतरावरून चित्र डोळ्यांना बरं वाटतं. या हिशेबाने २४ इंची मॉनिटर ३ ते ५ फुटांवरून बघावा, २७ इंची साधारण साडेतीन ते साडेपाच फुटांवरून आणि ३२ इंची ४ ते साडेसहा फुटांवरून. एका खोलीत पलंगाच्या पायथ्याशी टेबल असेल तर २४ किंवा २७ इंच अगदी योग्य बसतो.

हॉलमध्ये सोफा ९ फुटांवर असेल तर हाच हिशेब ४३ इंचांवर जातो. तिथे २४ इंची मॉनिटर लावला तर बातम्यांच्या खालची पट्टी वाचता येणार नाही आणि सामन्याचा धावफलक प्रत्येकाला पुढे वाकून बघावा लागेल. घरात पाच माणसं एकत्र बसून बघत असतील तर माझं स्पष्ट मत आहे की टीव्हीच घ्यावा. तसंच फक्त वाहिन्या बघण्यासाठी म्हणून नवा मॉनिटर घेण्यातही फारसा अर्थ नाही, कारण स्पीकर, स्टिक (मॉनिटरमागे लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण), केबल असं सगळं धरलं की खर्च ३२ इंची टीव्हीच्या आसपास जातो. मॉनिटर आधीच घरात आहे, किंवा कामासाठी घ्यायचाच आहे, त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम. कामाचा पडदा संध्याकाळी टीव्ही होतो, जागा वाचते आणि खोली बदलताना एका खोक्यात सामान मावतं.

वीजही कमी लागते. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट घेतो. रोज ४ तास लावला तरी महिन्याला ३ युनिटच्या आसपास जातात, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आरामात चालतो.

मॉनिटर पाठीमागून बघा

मॉनिटर फिरवा आणि मागे कोणकोणती भोकं आहेत ते फोनच्या उजेडात बघून कागदावर लिहा. पुढचं सगळं यावर ठरतं.

एचडीएमआय असेल तर काम सोपं आहे. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही येतात. दोन एचडीएमआय असतील तर एकात लॅपटॉप, दुसऱ्यात स्टिक किंवा सेटटॉप बॉक्स कायमचा लावून ठेवता येतो आणि मॉनिटरच्या बटनाने अदलाबदल होते. एकच असेल तर एचडीएमआय स्विच नावाची छोटी डबी मिळते, ती घ्या. रोज पिन काढ-घाल केली की सॉकेट ढिलं होतं, आणि ते दुरुस्त करायला मॉनिटर उघडावा लागतो.

कार्यालयातून निघालेले जुने मॉनिटर बर्डीतल्या (म्हणजे सीताबर्डीतल्या) दुकानांत स्वस्तात मिळतात. त्यांतले बरेच पडद्याने चांगले असतात, पण मागे फक्त व्हीजीए, डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतो. इथे नीट लक्ष द्या.

निळ्या पिनच्या व्हीजीएमधून आवाज येतच नाही. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मिळतो, पण एक अडचण उरते. पैसे भरून बघायची ॲप्स चित्र पाठवताना समोरचा पडदा एचडीसीपी हे संरक्षण पाळतो का ते तपासतात. व्हीजीएला ते ठाऊकच नाही. त्यामुळे यूट्यूब छान चालतं आणि मालिकेचं ॲप उघडलं की काळा पडदा किंवा त्रुटीचा संदेश येतो. दुकानदार यूट्यूब लावून दाखवेल आणि म्हणेल, “भाऊ, बघा, चालून राहिलं.” तुम्ही तुमचं ॲप लावून बघा, मगच पैसे द्या.

डीव्हीआयला साध्या केबलने एचडीएमआय जोडता येतो. मॉनिटर फार जुना नसेल तर एचडीसीपीही असतं, पण आवाजाची सोय वेगळी करावी लागते. डिस्प्लेपोर्टमध्ये दिशेचा घोळ आहे. बाजारात सहज मिळणारी “डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय” केबल एकाच दिशेने चालते: संगणकाच्या डिस्प्लेपोर्टातून टीव्हीच्या एचडीएमआयकडे. आपल्याला उलटं हवं असतं, कारण स्टिक एचडीएमआयची आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा. त्यासाठी “एचडीएमआय टू डिस्प्लेपोर्ट” असा, बाहेरून यूएसबीने वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. दोन्हींच्या पिना सारख्याच दिसतात, म्हणून नाव उलटसुलट होऊ देऊ नका.

जुना मॉनिटर घेताना पॅनलचा प्रकारही विचारा. आयपीएस पॅनल बाजूने बघितलं तरी रंग टिकवतो. व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद असतो, पण कडेला बसलेल्याला चित्र थोडं फिकट दिसतं. जुना टीएन पॅनल टेबलासमोर ताठ बसून काम करण्यापुरता ठीक असतो. पलंगावर आडवं होऊन खालून बघितलं की त्यावर चेहरे काळवंडतात. टीव्ही म्हणून वापरायचा असेल तर टीएन घेऊ नका.

कार्यक्रम कुठून आणायचे

तीन वाटा आहेत, आणि तिन्ही एकत्रही वापरता येतात.

खोलीत चांगलं वाय-फाय असेल तर स्टिक ही सगळ्यांत सोपी वाट. फायर टीव्ही स्टिक किंवा तसंच दुसरं एखादं उपकरण एचडीएमआयमध्ये लावलं की रिमोटसकट स्मार्ट टीव्ही तयार. झी५, जिओहॉटस्टार, सोनीलिव्ह, यूट्यूब सगळं त्यावर येतं. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात, त्यामुळे बातम्यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या वेव्हज ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. पूर्ण एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग सांगतं, यावरून किती वेगाचं कनेक्शन हवं याचा अंदाज येईल.

स्टिक लावताना दोन गोष्टी पाळा. पहिली, स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्या. मॉनिटरच्या यूएसबीतून दिली तर ती पुरत नाही, आणि मॉनिटर झोपला की स्टिकही बंद पडते. दुसरी, खोक्यात एचडीएमआयची वीतभर लांबीची जोडकेबल आली असेल तर ती फेकू नका. स्टिक मॉनिटरच्या पाठीला चिकटून राहिली की तापते आणि वाय-फायही कमी पकडते. त्या केबलने ती थोडी बाहेर लोंबू द्या.

होस्टेलच्या वाय-फायला लॉगिनचं पान असतं, तिथे स्टिक कधी कधी अडकते. अशा वेळी लॅपटॉपचा किंवा फोनचा हॉटस्पॉट चालू करून स्टिक त्याला जोडा.

दुसरी वाट लॅपटॉपची. एचडीएमआय केबल लावा, विंडोज आणि पी ही बटनं एकदम दाबा आणि “सेकंड स्क्रीन ओन्ली” निवडा. लॅपटॉपचा पडदा बंद होतो आणि चित्र मॉनिटरवर येतं. झाकण लावलं की लॅपटॉप झोपू नये यासाठी पॉवरच्या सेटिंगमध्ये तसं ठरवून ठेवा. ही वाट फुकटची आहे, पण पलंगावरून चालवायला निदान बिनतारी माउस हवाच. आई-बाबांच्या हाती द्यायचं असेल तर रिमोट असलेली स्टिकच बरी.

फोन थेट जोडता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. फोनच्या टाइप-सी भोकातून चित्र बाहेर येण्याची सोय सगळ्या फोनमध्ये नसते, स्वस्त फोनमध्ये तर बहुधा नसतेच. केबल घेण्याआधी फोनच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउटपुटचा उल्लेख आहे का ते बघा.

तिसरी वाट सेटटॉप बॉक्सची, म्हणजे केबल किंवा छत्री. नागपूर केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होतं आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून भिंतीतून आलेली केबलची वायर सेटटॉप बॉक्सशिवाय उपयोगाची नाही. म्हणून जुन्या बाजारात दिसणारे व्हीजीएवाले टीव्ही ट्यूनर बॉक्स घेऊ नका, ते ॲनालॉग केबलसाठी होते.

एचडी बॉक्सला एचडीएमआय असतं, सरळ जोडा. साध्या बॉक्सला फक्त लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन रंगांची पिन असते. त्यासाठी “एव्ही टू एचडीएमआय” कन्व्हर्टर मागा. “एचडीएमआय टू एव्ही” हा अगदी तसाच दिसणारा, उलट काम करणारा डबा असतो, म्हणून दुकानातच त्यावर छापलेलं नाव वाचा. कन्व्हर्टर लावला तरी चित्र साधंच राहतं, एचडी होत नाही. मॉनिटरजवळून बघताना ते पुसट दिसतं. टीव्हीमध्ये असं चित्र सुधारून दाखवणारी यंत्रणा असते, मॉनिटरमध्ये ती जेमतेमच असते. त्यामुळे केबलवाल्याला थोडे पैसे देऊन एचडी बॉक्स घेतलेला केव्हाही बरा.

ज्यांना महिन्याचा खर्च नको त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करावा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, नंतर शुल्क नाही. बॉक्स घेताना एचडीएमआय असलेलाच घ्या. ही छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे बघते. नागपूर ७९ अंशांवर आहे, म्हणजे छत्रीचं तोंड इथे आग्नेयेकडे येतं. गच्चीवर त्या बाजूला शेजारची उंच इमारत किंवा कडुनिंबाचं झाड आडवं येत नाही ना ते आधी बघा, आणि छत्री ठोकण्यापूर्वी घरमालकांना विचारा.

आवाज

बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतोच. ज्यांना असतो त्यांचा बहुधा दोन-दोन वॅटचा, मागच्या बाजूला तोंड असलेला. डिसेंबरच्या थंडीत दार-खिडकी लावून बसल्यावर तो चालून जातो. एप्रिलमध्ये डेझर्ट कूलर पूर्ण वेगावर सुरू झाला की त्यातून मालिकेतला एक संवाद कळत नाही. म्हणून बाहेरचा स्पीकर लागणारच हे धरून चाला.

आधी मॉनिटरच्या मागे हेडफोनचं चिन्ह असलेलं ३.५ मिलिमीटरचं भोक शोधा. ते असेल तर एचडीएमआयमधून आलेला आवाज तिथून बाहेर काढता येतो, आणि संगणकाचे साधे वायरवाले स्पीकर त्यात लावले की काम झालं. मात्र त्या भोकाजवळ “ऑडिओ इन” लिहिलेलं असेल तर ते आवाज आत घेण्यासाठी आहे, त्यातून काही बाहेर येणार नाही.

असं भोकच नसेल तर तीन पर्याय उरतात. सेटटॉप बॉक्स वापरत असाल तर चित्र एचडीएमआयने मॉनिटरला द्या आणि आवाज बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनमधून सरळ स्पीकरला न्या. त्यासाठी एका टोकाला लाल-पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी पिन असलेली केबल मिळते. हा सगळ्यांत स्वस्त आणि न बिघडणारा पर्याय. लॅपटॉप असेल तर स्पीकर लॅपटॉपलाच जोडा आणि आवाजाच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून तेच स्पीकर निवडा, कारण एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉप आवाज आपोआप मॉनिटरकडे वळवायला बघतो. स्टिक असेल तर तिला ब्लूटूथ स्पीकर जोडता येतो, किंवा एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाचा डबा मधे बसवता येतो. हा डबा चित्र पुढे जाऊ देतो आणि आवाज वेगळा काढून देतो. मॉनिटर डीव्हीआयचा असला तरी याने काम भागतं.

ब्लूटूथ की वायर? माझं मत ठामपणे वायरच्या बाजूने आहे. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात तेव्हा त्रास होतो. फायर टीव्ही स्टिकमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये हे जुळवायची सोय आहे, तरी स्पीकर बदलला की पुन्हा जुळवावं लागतं. आणि त्याची चार्जिंग नेमकी सामन्याच्या शेवटच्या षटकांत संपते. दोन स्पीकर आणि एक छोटा वूफर असलेला, पुढे आवाजाची गोल कळ असलेला वायरवाला संच घ्या. ती कळ हाताशी असली की मॉनिटरच्या मागच्या बारीक बटनांशी झटावं लागत नाही.

साउंडबार घ्यायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. साउंडबार टीव्हीला एआरसी नावाच्या एचडीएमआय भोकातून जोडतात आणि मॉनिटरना ते जवळपास कधीच नसतं. म्हणून ज्याला ३.५ मिलिमीटरची किंवा ऑप्टिकल जोडणी आहे असाच साउंडबार बघा. सेटटॉप बॉक्सला ऑप्टिकल भोक असेल तर आवाज तिथून थेट साउंडबारला देता येतो.

आता कूलर. स्पीकर कूलरच्या शेजारी ठेवू नका. खोलीच्या ज्या बाजूला कूलरची खिडकी आहे त्याच्या समोरच्या बाजूला, पण थेट झोतात येणार नाहीत असे, मॉनिटर आणि स्पीकर ठेवा, आणि स्पीकर मॉनिटरपेक्षा थोडे पुढे, तुमच्या कानाच्या उंचीवर आणा. अंतर अर्धं झालं की शब्द खूपच स्पष्ट येतात आणि आवाज वाढवायची गरज कमी होते. वूफरचा जोर कमी ठेवा, कारण कूलरची घरघर आणि वूफरचा घुमणारा आवाज एकमेकांत मिसळतात आणि माणसाचं बोलणं मागे पडतं. वरची म्हणजे ट्रेबलची कळ थोडी वाढवली की संवाद मोकळे होतात. ॲपमध्ये उपशीर्षकं असतील तर लावून ठेवा. रात्री शेजारची खोली झोपलेली असते, तेव्हा दोन मीटरची हेडफोनची जोडवायर सोबत असू द्या.

आणि हे विशेष लिहून ठेवा: चित्र आलं पण आवाज अजिबात नाही, सगळ्या वायर नीट आहेत, तरी नाही, असं झालं तर बहुधा बॉक्स किंवा स्टिक डॉल्बी स्वरूपात आवाज पाठवत असते आणि मॉनिटरला ते उलगडता येत नाही. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी बंद करा आणि “पीसीएम” किंवा “स्टिरिओ” निवडा. दुरुस्तीला न्यायच्या आधी एवढं करून बघा.

चित्र जुळवणं

मॉनिटर कामासाठी जुळवलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा टीव्ही लावल्यावर चित्र थोडं वेगळं वाटतं. मॉनिटरच्या मेनूमध्ये “मूव्ही” किंवा “स्टँडर्ड” प्रकार निवडा, ब्राइटनेस खोलीच्या उजेडाप्रमाणे ठेवा आणि शार्पनेस कंपनीने दिला तेवढाच राहू द्या.

काळा रंग राखाडी, धुरकट दिसत असेल तर पॅनलला दोष देऊ नका. सेटटॉप बॉक्स आणि स्टिक टीव्हीच्या पद्धतीने प्रकाशाची मर्यादित श्रेणी पाठवतात, ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. मॉनिटरला वाटतं पूर्ण श्रेणी आली आहे, म्हणून तो १६ ला काळ्याऐवजी राखाडी दाखवतो. मेनूमध्ये “ब्लॅक लेव्हल” किंवा “आरजीबी रेंज” असं काही असतं, ते बदलून बघा. मॉनिटरमध्ये नसेल तर स्टिकच्या किंवा लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये शोधा. या एका बदलाने चित्रात जीव येतो.

सेटटॉप बॉक्स लावल्यावर “आउट ऑफ रेंज” किंवा “इनपुट नॉट सपोर्टेड” आलं तर कारण वेगळं असतं. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला ५० (म्हणजे ५० हर्ट्झ) या हिशेबाने चालतं आणि एचडी वाहिन्या बहुधा १०८०आय, म्हणजे एका वेळी चित्राच्या अर्ध्याच ओळी पाठवण्याच्या, पद्धतीने येतात. काही जुने मॉनिटर फक्त ६० हर्ट्झ आणि पूर्ण चौकटी घेतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा प्रकार ७२०पी किंवा १०८०पी (पूर्ण एचडी) करा, ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो घ्या. मेनूच दिसत नसेल तर बॉक्स पाच मिनिटं शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावून तिथे बदल करा आणि परत आणा.

जुन्या कार्यक्रमांत माणसं जाडी दिसत असतील तर चौरस चित्र ओढून रुंद केलं जातंय. बॉक्समध्ये किंवा मॉनिटरमध्ये “आस्पेक्ट” मूळ प्रमाणावर ठेवा, कडेला काळ्या पट्ट्या येतील त्या येऊ द्या.

२७ इंची २५६०×१४४० मॉनिटरवर १०८०पी चित्र किंचित मऊ दिसतं, कारण एका ठिपक्याचे साधारण पावणेदोन ठिपके करावे लागतात. ४के मॉनिटरवर एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. पाच फुटांवरून बघताना दोन्हींत फार फरक पडत नाही, यासाठी मॉनिटर बदलू नका.

जागा, ऊन आणि पाऊस

टेबलावर काम करताना मॉनिटर डोळ्यांसमोर असतो. पलंगावरून बघताना तो थोडा वर, खाली झुकलेला हवा. मागे १०० किंवा ७५ मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूची भोकं असतील तर टेबलाला कसणारा हलता हात बसवता येतो. दिवसा काम, संध्याकाळी पलंगाकडे वळवलेला टीव्ही, आणि किरायाच्या भिंतीला ड्रिलही नको.

बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीखालच्या खोलीत दुपारी स्लॅब भट्टी होतो. नवतपाच्या दिवसांत कूलर बंद असलेल्या कोंदट खोलीत मॉनिटर चालू ठेवून बाहेर जाऊ नका. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. मॉनिटरचा पडदा बहुधा मॅट असतो, खिडकीचं प्रतिबिंब कमी पडतं, पण पश्चिमेच्या खिडकीतून सरळ ऊन पडत असेल तर जागा बदलाच.

कूलरचा झोतही थेट मॉनिटरवर नको. दमट हवेसोबत धूळ आत जाते, आणि ताट्यांतून उडालेले खाऱ्या पाण्याचे तुषार सुकले की पडद्यावर पांढरे ठिपके राहतात. ते मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलसर करून, मॉनिटर बंद असताना हलक्या हाताने पुसा. काच पुसायचं रसायन वापरू नका, मॅट थर खराब होतो.

मॉनिटरचे आणि स्टिकचे ॲडॉप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतात, त्यामुळे स्टॅबिलायझर लागत नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र घ्या, आणि खोलीत अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंगशिवाय त्या बोर्डाचा पुरता उपयोग होत नाही. महाल, इतवारीच्या जुन्या घरांत खोली असेल तर हे पहिल्या दिवशीच करा. अवकाळी पावसात किंवा मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की बटन बंद करून भागत नाही, पिनच काढा. छत्रीची किंवा केबलची वायर बॉक्समधून सोडवा आणि लॅनची वायर राउटरमधून, कारण विजेचा दणका त्या वाटेनेही आत येतो.

रोजच्या वापरात लागेल ते

मॉनिटरला रिमोट नसतो आणि स्टिकच्या रिमोटने तो चालू-बंदही होत नाही, कारण त्यासाठी लागणारी सीईसी ही सोय मॉनिटरमध्ये सहसा नसते. याची काळजी नको. स्टिकच्या रिमोटवर होमचं बटन दाबून धरा आणि “स्लीप” निवडा. सिग्नल थांबला की मॉनिटर बहुतेक वेळा स्वतःच झोपतो आणि रिमोट दाबला की जागा होतो. जागा झाला नाही तर मेनूमध्ये “ऑटो इनपुट” किंवा “ऑटो सोर्स” चालू आहे का ते बघा. आई-बाबा एकटे घरी असतील तर मॉनिटरच्या बटनाजवळ आणि स्पीकरच्या कळीजवळ मराठीत लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या चिकटवा, आणि स्टिकच्या पहिल्या पानावर त्यांचीच ॲप्स पुढे आणून ठेवा. तुम्ही ऑफिसात असताना फोन करून विचारावं लागलं नाही तर त्यांनाही बरं वाटतं.

चित्र मधेच एक-दोन सेकंद काळं होऊन परत येत असेल तर आधी एचडीएमआय केबल बदला, तीन मीटरपेक्षा लांब आणि हलकी केबल हेच सहसा कारण असतं. ॲप सारखं अडखळत असेल आणि राउटर त्याच खोलीत असेल तर स्टिक ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा. मधे भिंती असतील तर २.४ लाच राहू द्या. आणि लॅपटॉपवर एखाद्या ॲपचं चित्र काळं दिसून नुसता आवाज येत असेल तर मधला कन्व्हर्टर किंवा स्प्लिटर काढून केबल सरळ मॉनिटरला लावून बघा. चित्र आलं तर तो डबा दुकानात परत करा.